गुणाजी घाडी, डी.एड.

चाळिशीला टेकलेल्या माणसाने परत कॉलेजात जाऊ नये असा काही कायदा नाही. असता तर बरं झालं असतं. निदान भटवाडीच्या गुणाजी घाडीला कुणीतरी दारातच अडवलं असतं, आणि पुढची दोन वर्षं आणि त्या दोन वर्षांत जे गेलं ते सगळं वाचलं असतं. पण कामाचे कायदे कुणाला सुचत नाहीत.

गुणाजी मूळचा मालवणकडचा. जुनी अकरावी पास होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसला होता, तेवढ्यात बाप गेला आणि पोराला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटावं लागलं. बदलीचा कायम झाला, कायमचा चार साचे चालवणारा पक्का साचेवाला झाला. साचे म्हणजे कापड विणायचे माग. गिरणीत त्यांना साचे म्हणायचे. अठरा वर्षं त्याने ते चालवले. मग ब्याऐंशीचा संप झाला. पुढाऱ्यांनी मैदानं गाजवली, मालकांनी कुलपं घातली, आणि दोघांच्या मधे माणसं जात्यातल्या दाण्यासारखी भरडली गेली. गिरणी परत सुरू झाली तेव्हा निम्म्यांना आत घेतलं आणि निम्म्यांना गेटवरूनच घरी पाठवलं. गुणाजी दुसऱ्या निम्म्यातला.

घरी आला तो बसलाच. घाटकोपरच्या भटवाडीतल्या डोंगरउतारावरच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून. दाढी वाढली, बोलणं बंद झालं. बायको प्रेमा चार घरच्या चपात्या लाटून यायची आणि नवऱ्याला आहे त्याच जागी बघायची. ती पण खमकी. एक दिवस लाटणं आपटून म्हणाली, "असां बसान काय होतला? भिंत काय पगार देतली?"  तो तिच्याकडे बघतच नव्हता, त्यामुळे तिने काय विचारलं ते त्याला कळलंच नव्हतं.

हेच तर खरं दुखणं होतं. गुणाजीला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरा नव्हे. जवळ येऊन कुणी ओरडलं तर कळे, भांडं पडलं तर दचके. पण माणसाचं साधं बोलणं त्याला बिघडलेल्या रेडिओसारखं यायचं, नुसती खरखर. त्यात नवल काय? शेकडो साचे एका छताखाली धडधडतात तिथे तरणाताठा माणूस जातो आणि कान तिथेच ठेवून परत येतो. त्या साचेखात्यात ओरडून उपयोग नसे, म्हणून माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता, ओठ मोठे करून, जोडीला चार बोटं. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, बायको बाळंत झाली, सगळं ओठांवर. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला शिवी घाली, आणि तो तिथूनच हसत हसत ती सव्याज परत करी. बोलणं कुठे चाललंय, कुणासाठी चाललंय, असलं कुणी बघत नसे. दिसलं की उत्तर द्यायचं, बस. तिथे गुणाजीचे कान गेले तरी काही अडलं नाही. अडलं ते बाहेर आल्यावर.

आणि बाहेर त्याने ते कुणाला सांगितलं नाही. बहिरा म्हटलं की लोक हसतात. आंधळ्याला हात देतात, बहिऱ्याची टर उडवतात. त्यामुळे त्याने एक सवय लावून घेतली होती. समोरच्याचा चेहरा दिसला तर ओठ वाचायचे. नाही दिसला तर मान डोलवायची. मान डोलावली की माणूस खूश होतो आणि पुढे जातो. घरात प्रेमाला आणि मुलीला माहीत होतं, बाकी जगाला नाही.

मुलगी एकच, अनुपमा. घरात अनू. चौऱ्याऐंशी साली ती दहावी पास झाली, आणि नुसती पास नव्हे, फर्स्ट क्लास. चाळीत पेढे वाटायची ऐपत नव्हती म्हणून प्रेमाने साखर वाटली. अनूला अकरावी सायन्सला जायचं होतं. तिने कॉलेजपण बघून ठेवलं होतं, मैत्रिणींबरोबर जाऊन, बाहेरूनच.

नेमका त्याच आठवड्यात दशरथ आला. दशरथ गुणाजीचा जुना जोडीदार, शेजारच्या साच्यावरचा. तो आता मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होता. चहा घेता घेता तो ओठांनीच म्हणाला, कारण दोघं एकमेकांशी अजून तसंच बोलत: "मुलुंडात एक नवं कॉलेज निघालंय, डी.एड.चं. दोन वर्षांचा कोर्स. मास्तर होतोस. तू अकरावी शिकलायस, मी चौथी. मी असतो तर उडी मारली असती."

मास्तर! कोकणातल्या माणसाला हा शब्द नुसता सांगून बघा. गावाकडे मास्तर म्हणजे काय ते तिथे वाढल्याशिवाय कळायचं नाही. गुणाजी भिंतीपासून सुटला तो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आग्रा रोडच्या बसने मुलुंडला जाऊन आला. परत आला तो वेगळाच माणूस. डोळ्यांत जीव आला होता. जेवताना तो आपणहून बोलला, मोठमोठ्याने, म्हणजे चाळीला ऐकू गेलं असेल: "घेतात म्हणे. वयाबियाचं काय नाय. फी भरली की झालं."

पण एका घरातून दोघं कशी शिकणार? चपात्यांवर एकाचीही फी निघत नव्हती. कुणीतरी कमवायला हवंच होतं. प्रेमा बघत राहिली, गुणाजी ताटात बघत राहिला. शेवटी अनूच बोलली. बापाच्या समोर येऊन बसली, त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. माझ्या मैत्रिणीची, शुभाची बहीण असल्फ्याला गाळ्यात जाते, बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवतात तिथे. पॅकिंगला मुली घेतात. दोन वर्षं तर आहेत. तुम्हाला नोकरी लागली की मी जाते कॉलेजला."

"दोन वर्षं फक्त," गुणाजी म्हणाला. "शप्पत. मग तू. मग तुला कोण अडवतो बघू."

बाप म्हणून त्याने नाही म्हणायला हवं होतं. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, मग ते स्वतःचं पोर का असेना. त्याने धरलं.

मग सुरू झालं कॉलेज. वर्गातली सगळी पोरं विशीच्या आतली, आणि त्यांच्यात हा कानशिलावर केस पांढरे झालेला बाप्या. पहिल्याच दिवशी पोरांनी त्याला प्रोफेसर समजून उठून नमस्कार केला, आणि मग तो बाकावर बसला तेव्हा जे हसली! त्या दिवसापासून तो सगळ्यांचा काका. पोरं वाईट नव्हती. डबा खाताना त्याला बोलवायची, नोट्स द्यायची. नोट्स नसत्या तर त्याची वाटच लागली असती, कारण शिकवणारे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. तोंड वळलं की गुणाजीसाठी वर्गात सामसूम. मानसशास्त्राच्या सरांना तर एवढी झुपकेदार मिशी होती की ओठांचा पत्ताच लागायचा नाही. गुणाजी पहिल्या बाकावर बसून त्या मिशीकडे असा एकटक बघायचा की सरांना वाटायचं, काय हा अभ्यासू माणूस. ते खूश होऊन आणखी पुटपुटायचे.

किती वेळा त्याला वाटलं, सोडावं. एकदा वर्गात सरांनी पाठमोऱ्याने काहीतरी विचारलं, सगळी पोरं गुणाजीकडे बघायला लागली, आणि त्याने आपली मान डोलावली. वर्ग हसून लोटपोट. प्रश्न काय होता ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. घरी येऊन तो जेवला नाही. प्रेमाने विचारलं, "काय झाला?" तो म्हणाला, "काय नाय." आणि पुस्तक उघडून बसला. कारण सोडणार कुठे आणि कसा? सकाळी तो बाहेर पडायच्या आधी अनू डबा घेऊन बाहेर पडलेली असायची. संध्याकाळी ती परत आली की अंगाला पत्र्याचा आणि तेलाचा वास यायचा. ती जेवायची आणि आडवी व्हायची. पुस्तकं पसरून बसलेला गुणाजी तिच्याकडे बघायचा नाही. बघितलं असतं तर पुढचं पान उलटलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनासारखी घडली. दुसऱ्या वर्षी पाठ सुरू झाले. पाठ म्हणजे खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं. पहिल्या पाठाच्या दिवशी गुणाजीची पाचावर धारण बसली होती. पण तो वर्गात जाऊन उभा राहिला, पन्नास पोरं एकदम कलकलाट करायला लागली, आणि त्याला एकदम ओळखीचं वाटलं. साचेखातंच की हे! सगळे एकदम बोलताहेत, कुणाचा आवाज कळत नाही, पण ओठ सगळ्यांचे दिसताहेत. कोण पाढे म्हणतोय, कोण शेजारणीची खोडी काढतोय, मागच्या बाकावर कोण उपाशी आहे म्हणून सांगतोय, सगळं त्याला उभ्या जागी वाचता येत होतं. "ए लाल रिबनवाली, पेन्सिल परत दे तिची," असं तो पहिल्याच मिनिटाला म्हणाला आणि पोरं गप्पच झाली. फळ्यावर लिहायचं तेवढं तो तिरका उभा राहून लिहायचा, अर्धं तोंड पोरांकडे ठेवून. पोरांना वाटायचं सरांना पाठीला डोळे आहेत. गुणाजीला दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे येतंय. आपण मास्तर होणार.

घरी येऊन त्याने अनूला सांगितलं, "एवढी परीक्षा झाली की तुझा फॉर्म आणतो. सायन्सचाच." ती हसली. थकलेली होती, पण हसली.

शेवटची परीक्षा म्हणजे वार्षिक पाठ. बाहेरून परीक्षक येतात, मागच्या बाकावर प्राचार्यांबरोबर बसतात आणि बघतात. गुणाजीला चौथीचा वर्ग मिळाला, विषय अपूर्णांक. प्रेमाने पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून दिल्या, अर्धी, पाव, पाऊण, वर बोटांचे ठसे काढून भाजल्याचे डागसुद्धा दिले. निघताना तिने त्याच्या हातावर दही ठेवलं. अनू त्या दिवशी कामावर जायच्या आधी दारात थांबली, त्याचा सदरा मागून नीट केला, आणि समोर येऊन म्हणाली, "बाबा, झकास करा."

पाठ झकासच चालला होता. पुठ्ठ्याची भाकरी पोरांच्या हातात फिरत होती. एक पोरगी पाव भाकरी दोघांत कशी वाटायची ते सांगायला उभी राहिली होती. गुणाजी तिचं बोलणं वाचत होता आणि मधेच नजर उचलून मागच्या बाकाकडे बघत होता. परीक्षक वयस्क गृहस्थ होते, चांगल्या चेहऱ्याचे. त्यांच्या शेजारी प्राचार्य बाई. बाई त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होत्या, खालच्या आवाजात, परीक्षेत कुजबुजतात तसं. पन्नास पोरांच्या कलकलाटात शेजारच्या बाकावरही ते ऐकू गेलं नसतं. पण गुणाजीला दिसलं.

"चांगला शिकवतो हो," बाईंचे ओठ म्हणाले. "पण उपयोग काय?"

"का?" परीक्षकांनी विचारलं.

"वय. चाळिशीचा आहे. सरकारी शाळांत तिशीच्या पुढच्याचा अर्जसुद्धा घेत नाहीत. आणि खासगीवाल्यांना असा नकोच असतो."

"अहो, मग दोन वर्षं कशाला घातली त्याने? कुणी सांगितलं नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या क्लार्कने, माझ्यासमोर. नोकरीची आशा धरून येणार असाल तर येऊ नका म्हणून. त्याने मान डोलावली. म्हटलं, हौस असेल. तुम्ही पास करून टाका, बिचारा गिरणीवाला आहे."

गुणाजीच्या हातातला खडू तसाच राहिला.

त्याला तो दिवस आठवला. ऑफिसातला क्लार्क फॉर्म काढायला कपाटात डोकं घालून उभा होता आणि कपाटातूनच बोलत होता. बराच वेळ बोलत होता. गुणाजीने त्याच्या पाठीकडे बघितलं आणि मान डोलावली, एकदा नव्हे, दोनदा. वर हसला पण. परत विचारायची लाज वाटली होती. पहिलाच दिवस, नवा सदरा, बाजूला शिकलेली बाई उभी. तिच्यासमोर कानाला हात लावून 'आं?' कसं करायचं? तेवढी लाज राखली त्याने. तेवढ्या लाजेपायी पोरीची दोन वर्षं गेली.

आणि मग त्याने ते केलं जे फक्त साचेवालाच करील. बोलणं दिसलं, उत्तर दिलं. पोरांच्या डोक्यांवरून, खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला द्यावं तसं, पण या वेळी आवाजासकट.

"नाय बाई," तो म्हणाला. "मला ते ऐकूच आलं नव्हतं."

 ती पाव भाकरीवाली उभीच होती, ती घाबरून म्हणाली, "सर, मी बरोबर सांगितलं ना?" प्राचार्य बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकदा स्वतःच्या आणि गुणाजीच्या मधलं अंतर बघितलं, आणि हळूहळू त्यांना उमगलं. त्यांनी परीक्षकांच्या दंडाला हात लावला. परीक्षकांनी गुणाजीकडे बघितलं, आणि मग हातातला कागद उचलून आपल्या तोंडासमोर धरला. पुढचं बोलणं त्यांनी त्या कागदाआड केलं.

गुणाजीने पाठ पुरा केला. कसा केला ते त्याला विचारू नका. भाकऱ्या गोळा केल्या, फळा पुसला, पोरांना नमस्ते म्हणायला लावलं. मास्तराने वर्ग अर्धा सोडायचा नसतो असं त्याला शिकवलं होतं आणि त्याने ते मनापासून शिकून घेतलं होतं.

बाहेर व्हरांड्यात बाई त्याच्यासाठी थांबल्या होत्या. वाईट बाई नव्हती ती, उगाच तिला बोल लावू नये. कॉलेज चालवायचं म्हणजे बाकं भरावी लागतात. ती अगदी तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलली, आता तिला कळलं होतं ना!

"घाडी, तुम्हाला ऐकू येत नाही हे दोन वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत, बाई?"

तिने विषय बदलला. "परीक्षक म्हणतात, पाठ उत्तम झाला. पण ऐकू येत नाही असा शेरा त्यांना लिहावा लागेल. त्याला इलाज नाही."

"लिहू दे. काय फरक पडतो?"

"तुम्ही खासगी शाळांत प्रयत्न..."

"चाळिशीचा आणि बहिरा. बाई, तुमची शाळा असती तर तुम्ही घेतला असता?" त्याचा आवाज चढला होता, शिपाई वळून बघायला लागला. "माझ्या पोरीला फर्स्ट क्लास होता. तिला घरी... नाय, घरी पण नाय, तिला गाळ्यात पाठवून मी इथे भाकऱ्या वाटतोय. तिला काय सांगू मी? तुमच्या क्लार्कचं तोंड कपाटात होतं म्हणून सांगू?"

बाई खाली बघून काहीतरी बोलल्या. ओठ दिसले नाहीत. गुणाजीने मान डोलावली नाही. तो पिशवी उचलून निघाला.

बसमध्ये त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी एक हट्ट आला. जे गेलं ते माझं गेलं. पोरीचं अजून काही गेलेलं नाही. अठरा वर्षांची आहे, हुशार आहे, दोन वर्षं मागे पडली तर पडली. मी दशरथकडे जातो, वॉचमनकी करतो, रात्रपाळी करतो, लोकांच्या गाड्या धुतो. पण अनू उद्यापासून गाळ्यात जाणार नाही. उद्या कशाला, आजच. आत्ता. घरी जाऊन प्रेमाच्या तोंडाकडे बघितलं तर ही हिंमत राहायची नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो घाटकोपरला उतरला तो घराकडे वळलाच नाही, सरळ असल्फ्याच्या रस्त्याला लागला. पावलं पटापट पडत होती. 

त्या गाळ्याकडे तो कधी आला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही. येऊन बघावं असं त्याला वाटलं नव्हतं असं नाही. वाटायचं, आणि तो अभ्यासाला बसायचा. गल्लीच्या तोंडाशीच त्याला तळपायात धडधड जाणवली. जमीन हलत होती. त्याच्या पायांनी ती ओळखली आणि तो जागीच थांबला. दारात एक माणूस पत्र्याचे तुकडे टोपलीत भरत होता.

"अनुपमा घाडी," गुणाजी म्हणाला. "पॅकिंगला आहे."

"पॅकिंगला?" तो माणूस हसला. "ती प्रेसवर आहे की! पहिल्या महिन्यापासून. प्रेसवाल्यांना जास्त मिळतात. ती बघा."

आत पत्र्याच्या छपराखाली प्रेसची रांग होती. पट्टा फिरत होता, ठोकळे वरून पत्र्यावर आदळत होते आणि खाली बुचं पडत होती. गुणाजीच्या बहिऱ्या कानांनाही तो आवाज बोचला. अनू तिसऱ्या मशीनवर होती, त्याच्याकडे पाठ करून.

"अनू!" त्याने हाक मारली. तिने बघितलं नाही. इथे कोण बघणार? तिच्या समोरच्या मशीनवरच्या पोरीने गुणाजीला बघितलं. तिने हात उचलून चार बोटं हलवली आणि ओठ मोठे करून, आवाज न काढता, अनूला सांगितलं: तुझा बाप आलाय.

अनू वळली. तिचा चेहरा उजळला. मशीन थांबवायच्या आधीच तिने त्याला तिथूनच विचारलं, नुसत्या ओठांनी, मुरलेल्या साचेवाल्यासारखं: "पास?"

गुणाजीने तिला बाहेर ये म्हणून खूण केली.

ती हात पुसत बाहेर आली. गल्लीत गाळ्याचा आवाज कमी होता. थोडं पुढे, वळणावर, जवळजवळ नव्हताच. तिथे शांत होतं. तिथे ती दोघं थांबली. गुणाजीला तिच्या तोंडाकडे बघवेना. तो समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलायला लागला, थांबला असता तर परत बोलता आलं नसतं.

"अनू, नोकरी नाय मिळायची. कधीच मिळणार नव्हती. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी, मलाच कळलं नाय, मी विचारलं नाय, लाज वाटली. तुझी दोन वर्षं मी खाल्ली, पोरी. मला माफ नको करू. पण एवढं ऐक. तू आता आत जायचं नाय. पिशवी घे आणि चल. मी तुझा फॉर्म आणतो, उद्या आणतो, मी काय पण करीन, तू फक्त या आवाजात परत जाऊ नको. ऐकतेयस ना? तुझं अजून काय बिघडलेलं नाय, अनू."

उत्तर आलं नाही. रडत असेल, असं त्याला वाटलं. मोठ्या धीराने तो वळला.

अनू रडत नव्हती. ती तशीच उभी होती, चेहऱ्यावर मघाचंच हसू, बातमीची वाट बघत. डोळे त्याच्या ओठांवर.

"काय म्हणालात?" तिने मोठ्याने, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. "बाबा, इकडे बघून बोला ना."